खाजकुयली आणि दोराचा फासा

एकदा एका खाडीवर, माणसं पलीकडं नेणाऱ्या होडीत, झिलू नावाचा गडी दोर टाकायला होता. धक्का जवळ आला की दोराचा फासा खुंटावर टाकायचा आणि होडी ओढून घ्यायची, एवढंच काम. पण माडाची झावळी लागून त्याचा डावा डोळा गेला. तेव्हापासून फासा कधी खुंटाच्या अलीकडं पडायचा, कधी पलीकडं. होडी धक्क्यावर आपटायची, बायकांच्या पाट्या पाण्यात. शेवटी मालक म्हणाला, "उद्या मी स्वतः होडीत बसणार. चुकलास तर दोर दुसऱ्याच्या हातात."

त्याच दिवशी पुढच्या खेपेला झिलूनं घ्यायची तेवढी काळजी घेतली. श्वास धरला, मान ताठ केली, देवळातल्या दीपमाळेसारखा उभा राहिला आणि टाकला. फासा पाण्यात.

होडीचा म्हातारा तांडेल सुकाणू धरून बघत होता. झिलूला दोर त्यानंच शिकवलेला. त्यानं कमरेची पुडी सोडली आणि मागून झिलूच्या सदऱ्यात चिमूटभर खाजकुयली टाकली.

"अयाई गं! तांडेलमामा, मेलो! पाण्यात उडी मारू द्या!"

"मार की. आधी होडी बांध."

झिलू डावीकडं वळवळला, उजवीकडं वळवळला. नजर मात्र खुंटावरच, कारण खुंट मिळाल्याशिवाय अंघोळ नाही. तसाच त्यानं फासा फेकला, तो खुंटाच्या गळ्यात बरोबर बसला.

पाण्यातून डोकं वर काढून तो ओरडला, "मामा, डोळा गेलाच आहे, आता कातडीपण काढता?"

म्हातारा हसला. "लेका, दोन डोळे होते तेव्हा ते दोन जागांवरून बघायचे. आता एकच उरला, तर त्यालाच दोन जागी न्यायला नको? तू हललास तसा खुंट मागच्या डोंगरावरून सरकला. जवळचं भराभर सरकतं, लांबचं जागचं हलत नाही. किती सरकलं, त्यावरून किती लांब ते हाताला कळतं. तू देव होऊन उभा राहायचास, म्हणून सगळं भिंतीवरच्या चित्रासारखं चपटं दिसायचं."

दुसऱ्या दिवशी धक्का जवळ आला तसा झिलू इकडून तिकडं झुलायला लागला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. फासा खुंटात पडला, होडी अलगद टेकली.

"दोर राहू दे याच्याकडंच," मालक म्हणाला. "पण हा डुलतो का असा? सकाळीच लावून आलाय काय?"

"छे हो," तांडेल कमरेची पुडी सोडत म्हणाला, "बघा, ह्याच्यामुळं."

मालक पुडीवर वाकला. झिलू मात्र हळूच दोन पावलं मागं सरला. किती लांब उभं राहायचं, ते आता त्याला बरोबर कळत होतं.