शेवटच्या पंगतीची वांगी

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाला स्वयंपाकाचं वेड लागलं. वेड कशाचं लागावं, हे काही माणसाच्या हातात नसतं. सुव्रत दिवसा दुकानात बसे, पण जीव सगळा चुलीपाशी. त्याचे वडील, अण्णा, जुन्या वळणाचे गृहस्थ. मुलाने पळी हाती धरली की त्या दिवशी ते दहीभात कालवून घेत आणि मुकाट्याने पानावरून उठत. अहो, ओरडणारा बाप परवडला. न बोलता दहीभात खाणाऱ्या बापाचं करायचं काय?

अशात टीव्हीवरच्या हौशी स्वयंपाक्यांच्या स्पर्धेत सुव्रतची निवड झाली. त्याला बक्षिसाची हाव नव्हती. परीक्षकांनी वाखाणलेला घास अण्णा नाकारणार नाहीत, एवढीच त्याची भाबडी आशा होती.

त्याच गावात जीजी नावाच्या एक वृद्ध स्वयंपाकीण राहत. देवीच्या उत्सवातल्या पंगती त्यांनी जन्मभर रांधल्या होत्या. सुव्रत त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "जीजी, स्पर्धेत भरली वांगी करायची म्हणतोय. चव बघून चूक सांगा."

"इथंच कर," जीजी म्हणाल्या.

त्याने वांगी केली. वर लालभडक तर्री, खोबऱ्याची पखरण, हिरवीगार कोथिंबीर. वाफाळतं ताट पुढे ठेवलं. आणि जीजींनी काय करावं? ताटावर झाकण घातलं, ते फळीवर सरकवलं आणि त्या कापसाच्या वाती वळत बसल्या. दुपार कलली तेव्हा झाकण काढून त्यांनी एक घास घेतला. तोवर तेल थिजलं होतं, कोथिंबीर काळवंडली होती.

"उद्या परत कर," म्हणाल्या.

पुढे रोज तेच. शेवटी सुव्रत चिडला. "गार करून कुणी चव बघतं का, जीजी? घरी माझ्या ताटाला कुणी हात लावत नाही, आणि तुम्ही ते वाळीत टाकल्यासारखं फळीवर ठेवता."

जीजींनी हातातली वात पुरी केली. "तुझी चव वरवर तरंगते रे. वांग्याच्या पोटात काही शिरतच नाही. जरा दमानं घे."

सुव्रतने तर्रीचा नाद सोडला. आच मंद केली, झाकणावर पाणी ठेवलं आणि वांगी वाफेवर शिजू दिली. मग एका कललेल्या दुपारी जीजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि भाकरी मागितली.

स्पर्धेत गंमत झाली. ताटं मांडून झाली, पण दिवे हलेपर्यंत, कॅमेरे लागेपर्यंत आणि परीक्षकांच्या तोंडाला पावडर लागेपर्यंत बराच वेळ गेला. इतरांच्या पुऱ्या बसल्या, सुव्रतची वांगी मात्र मुरली. परीक्षकांनी बोटं चाटली. तो अंतिम फेरीपर्यंत पोचला, पण पहिला क्रमांक एका बाईंच्या फणसाच्या भाजीने नेला.

तो उतरल्या चेहऱ्याने जीजींकडे आला. "तिथं अन्न गार होतं, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

"मला काय डोंबल ठाऊक तुमच्या टीव्हीतलं?"

"मग उपयोग काय झाला, जीजी? अण्णांनी सगळं पाहिलं, आणि पुन्हा दहीभातच कालवला. फार लागलं हो मनाला."

जीजींनी त्याला जवळ बसवलं. "अरे, उत्सवात पहिल्या पंगतीला पाहुणे बसतात. कढईतून थेट पानात पडलेलं अन्न कुणाचंही गोड लागतं. वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, पाणी ओढणारे, हे सारे बसतात शेवटी. आमच्या देवळाची रीत अशी, की रांधणारीने त्या शेवटच्या पंगतीत जेवायचं. सर्वांत मागून येणाऱ्याच्या पानात आपण काय वाढलं, ते तिच्या जिभेला कळलं पाहिजे. तुझ्या वडिलांना नाहीच म्हणायचं असतं, तर त्यांनी तुला चुलीपाशी फिरकू दिलं नसतं. ते शेवटच्या पंगतीचे आहेत, बाळा. ते येईतो टिकेल असं रांध आणि झाकून ठेव. बोलवायला मात्र जाऊ नकोस."

तेव्हापासून दुकानाच्या सुट्टीला सुव्रत घरी तीच वांगी रांधू लागला. अण्णांचं एक ताट झाकून फळीवर ठेवी. अण्णा दहीभात खात. संध्याकाळी ते ताट तो स्वतःच संपवी. मीठ कुठे उणं पडलं, हे त्याला तेव्हा नीट कळे. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण पुढच्या सुट्टीला चूल पुन्हा पेटायचीच.

अशाच एका सुट्टीला अण्णा एका लग्नाचं कापड द्यायला म्हणून दुकान उघडून बसले आणि घरी यायला दुपार कलली. सगळ्यांची जेवणं झाली होती. अण्णा हातपाय धुऊन पाटावर बसले. समोर दही होतं, भात होता. त्यांनी दह्याकडे पाहिलं, मग फळीकडे.

"वांगी उरलीत का?"

सुव्रत उठला. "गरम करून आणतो, अण्णा."

"कशाला? आण तशीच."

अण्णांनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. आणि भाकरी मागून घेतली.

त्या संध्याकाळी सुव्रतला संपवायला ताट उरलं नाही.