कढी आणि विरजण

"निष्कर्ष तर छापून दिलाय सगळ्यांना. आता आणखी काय द्यायचं, बुवा?"

प्रद्योत तावातावानं आला होता. मठाच्या ओट्यावर टेकायचंही त्याला सुचलं नाही. बुवांच्याच बागेत पानं हुंगत झाडं ओळखायला शिकलेला हा पोरगा आता मोठा संशोधक झाला होता. एका रानवेलीची मुळी कुठल्या मातीतली असली की जखम भरते, आणि कुठल्या मातीतली उलट जखम चिघळवते, हे शोधण्यापायी त्यानं उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

बुवा चुलीपुढं बसून कढी ढवळत होते. त्यांनी नुसती मान हलवली... सांग, म्हणून.

मग त्यानं सांगितलं. घाटाखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, नफीसा अत्तार, त्याच्या मागं लागल्या होत्या. त्याच मुळीचा लेप गावोगाव लोक लावत होते, आणि चिघळलेल्या जखमा घेऊन बाईंकडं येत होते. एकाचा तर पाय जायची वेळ आलेली. बाईंना प्रद्योतच्या मूळ नोंदी हव्या होत्या. माती कुठली, मुळी कुठली, कुणाला गुण आला, कुणाला नाही. रोग्यांची नावं तेवढी झाकून बाकी सगळं. फसलेले प्रयोगसुद्धा, जसेच्या तसे.

"उद्या त्यातून त्याच काही नवं शोधून काढतील. नाव त्यांचं होईल. मग मी कोण... माती गोळा करणारा?"

बुवांना त्याचं दुखणं कळलं. त्यांनी पाट पुढं सरकवला.

तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाई वाटी घेऊन आल्या. घरचं दही नासलं होतं, दूध कोमट करून ठेवलं होतं, चमचाभर विरजण हवं होतं.

"प्रद्योत, बाईंना कढी वाढ," बुवा म्हणाले.

गुरूचा शब्द. त्यानं वाटी भरून दिली. आल्याची, कढीलिंबाची, वाफाळती...

चांगुणाबाईंनी आधी वाटीत पाहिलं, मग त्याच्याकडं.

"वास झ्याक सुटलाय रे दादा. पण हिनं दही लागेल का? एवढा शिकलास, आणि कढीनं विरजण लावतोस होय?"

"दह्याचीच आहे की," बुवा म्हणाले.

"दह्याची होती, बुवा. आता उकळली."

प्रद्योतच्या हातात पळी तशीच राहिली...

मग तो आपणच पुढं झाला. कोनाड्यातल्या मडक्यातलं घट्ट दही त्यानं द्रोणात काढून त्यांच्या हातात दिलं. कढी काही परत देत नाही बरं का, असं बजावत चांगुणाबाई दोन्ही घेऊन गेल्या.

तो पाटावर बसला. आवाज खाली आला होता.

"बुवा... आणि त्यांचं दही आपल्यापेक्षा सरस लागलं तर?"

बुवांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तर विरजण आणायला आपली वाटी घासून ठेव."