शालनचं बोट

“…आणि रक्तातच निघालं म्हणे तिच्या. मग काय, कॉलेजातून दिलं काढून. आणि आता ती रूथबाईंकडे…”

पुढचं गिरणीच्या आवाजात बुडालं. शालनने दोनदा “काय? काय?” केलं, पण ज्वारीचं दळण सुरू झालं होतं आणि बोलणारी बाई डबा उचलून निघूनही गेली.

अर्धी बातमी घेऊन घरी जाणं शालनला कधी जमलं नव्हतं. ती सरळ रूथबाईंच्या दारात.

रूथबाई तिच्या शेजारच्याच. जन्मभर नर्सिंगच्या मुली शिकवल्या, गेल्याच वर्षी घरी बसल्या. आता हात थरथरतात, पण मुली यायच्या थांबल्या नाहीत. आत्ताही समोर एक बसली होती. सुवर्णा घुले, शेवटच्या वर्षाची. शालनला पाहताच गप्प झाली.

“भोपळा चिरायचाय वाटतं? द्या इकडे.” शालनने विळी पुढे ओढली आणि बैठक मारली. रूथबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला.

“बोल तू,” त्या सुवर्णाला म्हणाल्या. “नाहीतर हिला दाराआडून ऐकावं लागेल.”

“बाई, एकच विचारते. मी नर्स होऊ शकते की नाही?”

“भोपळ्यात गूळ चालतो का तुला?”

“बाई!”

शेवटी शालनलाच राहवलं नाही. “पण पोरी, झालंय तरी काय तुला?”

“हेपटायटिस बी. काविळीतलाच एक प्रकार, काकू. औषधाने दबून राहतो, पण रक्तातून जात नाही.”

“डोळे तर पांढरेशुभ्र आहेत की!” असं म्हणत शालनने आपला कप हळूच लांब सरकवला.

सुवर्णाने ते पाहिलं. “चहातून नाही लागत, काकू. रक्तातून लागतो.” मग रूथबाईंकडे वळली. “बघितलंत? हे असंच होणार जन्मभर.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“गोळ्या घे, तपासण्या चुकवू नको. वॉर्डातलं सगळं कर, फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये सध्या नको.” तिचा आवाज चढला. “मी वर्गात पहिली येणारी, बाई! अर्धवट नर्स नाही व्हायचं मला. म्हणून आले गावी निघून. सोमवारी हजर झाले नाही तर नाव कापणारेत. कापू देत.”

“म्हणजे काढलं नाही तुला? तूच…” शालन मान वर करून विचारायला गेली, आणि हात विळीवर गेला.

“अगं आई गं!”

रक्त भोपळ्यावर टपकायला लागलं. रूथबाई जागच्या हलल्या नाहीत. सुवर्णा उठली, फडताळातली औषधांची पेटी काढली… आणि उभीच राहिली.

“बाई, तुम्ही बांधा.”

रूथबाईंनी थरथरणारा हात वर करून दाखवला. मग तो पुन्हा मांडीवर ठेवला.

सुवर्णाने हात धुतले. हातमोजे चढवले. ते बघून शालन दुखणंच विसरली.

“मोजे? मला काय रोग झालाय का?”

“माहीत नाही, काकू.”

“माहीत नाही म्हणजे? चांगल्या घरची आहे मी!”

“घर नाही बघत त्यात. कुणाच्या रक्तात काय आहे ते वरून दिसत नाही. म्हणून प्रत्येकातच काहीतरी आहे असं धरून चालायचं. बाईंनीच शिकवलंय, पहिल्या दिवशी.”

“प्रत्येकात?” रूथबाईंनी विचारलं.

“हो. प्रत्येकात.”

“मग तू वेगळी कुठून निघालीस?”

सुवर्णाची बोटं शालनच्या बोटावर तशीच थांबली…

मग ती पुन्हा पट्टी गुंडाळायला लागली. सावकाश, कडा जुळवून.

“घट्ट झाली का, काकू?”

“नाही गं.” शालनने हात काढून घेतला नव्हता. घ्यायचा राहूनच गेला होता.

मोजे उलटे करत सुवर्णाने काढले, रक्त लागलेल्या भोपळ्याच्या फोडींबरोबर पिशवीत बांधले, पुन्हा हात धुतले. ओढणीला हात पुसता पुसता म्हणाली, “रविवारी दुपारची एसटी अजून जाते का हो, काकू?”

“जाते की! दोनला. पण आधी येऊन जागा धर, फार गर्दी.” शालनला आता धीर निघेना. “म्हणजे रक्ताचं खरं आणि काढल्याचं खोटं, असंच ना?”

“थिएटरमधून काढलंय. तेवढं खरं.”

शालन पट्टीकडे बघत राहिली. सगळी आळी उद्या बोटाचं विचारणार, आणि बोटावरून पोरीचं.

“रूथबाई, मग मी काय सांगू हो लोकांना?”

रूथबाईंनी उरलेला भोपळा उचलून मांडीवर घेतला.

“बोट कुणी बांधलं, ते सांग.”