बापाचा कप्पा

यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. बयाजी रोपवाल्याच्या जुन्या संगणकात त्याच्या मेलेल्या बापाचा आवाज होता. आंब्याचं कलम कसं बांधायचं, ते म्हाताऱ्यानं सगळं सांगून ठेवलेलं. बयाजी ते ऐकून लिहून काढणार होता, पण आधी संगणक चालवणारं लिनक्स मनाजोगतं हवं ना! लिनक्सचे प्रकार तरी किती! उबुंटू त्याला जड वाटलं, मिंट बाळबोध, डेबियन संथ. दर वेळी नवं बसवताना बापाच्या आवाजाचा कप्पा तेवढा राखून तो बाकीचं पुसायचा.

एका सकाळी पेनड्राइव्ह पुन्हा येऊन चिकटला.

"आता काय आणलंस रे मेल्या?" संगणक करवादला.

"आर्च. मालक म्हणतो, हे शेवटचं."

"दर खेपेला शेवटचंच असतं! लिहायला बस म्हणावं त्याला. म्हातारा ताटकळलाय माझ्या पोटात."

"माझं कोण ऐकतंय, काका?"

त्या दिवशी बयाजीनं घाईत 'सगळं पुसा' दाबलं. संगणक ओरडला, पण माणसाला ती पंख्याची घरघर वाटली.

दुपारी पडदा झळकला. बयाजी खूश होऊन लिहायला बसला आणि बापाचा आवाज शोधू लागला. शोधतच राहिला.

"काका," पेनड्राइव्ह घाबरून म्हणाला, "म्हातारा कुठाय?"

"कोण म्हातारा?" संगणकानं विचारलं. "आणि तू रे कोण?"