टेकूखालचे जेवण

फार पूर्वी ताम्रवती नगरीत राजा उदयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व खाणीतले टेकू पारखणाऱ्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव सोमिल. राज्य असे, की डोंगर खणला की तांबे हाती लागे. तरी नगरीत धड रस्ता नव्हता आणि पाण्यासाठी बायका कोसभर पायपीट करीत. तांबे परदेशी जाई, त्याचे मोल वाटेतच जिरे. कोणाच्या घशात, ते सगळ्यांना ठाऊक. पण बोलणार कोण?

खाणीची एक रीत होती. छताला नवे टेकू लागले की पारख्याने आधी त्यांच्याखाली बसून शिदोरी खायची. तो जेवून उठला की मगच मजुरांनी आत शिरायचे.

एके सकाळी नव्या बोगद्यापुढे साठ मजूर टोपल्या घेऊन उभे होते. राजाही पाहायला आला होता. सोमिल आत गेले आणि त्यांनी काठीने पहिला टेकू ठोकला. सागाचा खणखणीत आवाज नाही, भद्द वाजला. दुसराही तसाच. त्यांनी कोयत्याने टवका उडवला, तर काळ्या रंगाखाली सावरीचे मऊ, पांढरे लाकूड! वरून माती गळत होती.

खाणींचा अमात्य भद्रिक मागोमाग आत आला होता. तो हळूच म्हणाला, "दोन घास खा आणि बाहेर ये. राजवाड्याशेजारचे घर तुझे. उगाच डोक्याला ताप कशाला करून घेतोस?"

"आणि ते साठ जण?"

"अरे, टेकू काय आजच पडतात?"

सोमिल शिदोरी न सोडताच बाहेर आले. रेवा नावाची टोपलीवाली घाबरून म्हणाली, "दादा, जेवला नाहीत? मग आम्ही जायचं कसं?"

"पारखी भित्रा निघाला! चला आत!" मागून बाहेर येत भद्रिक गरजला. शिपायांनी भाले रोखले. रेवाने डोळे मिटून पाऊल उचलले.

सोमिल बोगद्याच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "महाराज, मी भ्यालो, हे खरे आहे. आज माझ्या जागी अमात्यांनी जेवावे."

राजा हसला. "हरकत काय, भद्रिक? बस की!"

भद्रिकाने शिदोरी घेतली. तो दोन पावले आत गेला, कुठेतरी लाकूड करकरले, आणि शिदोरी टाकून तो धूम पळत सुटला. पाठोपाठ छत कोसळले. धुळीने कोणाला काही दिसेना.

"मी डोंगरभर साग दिला होता!" राजा ओरडला. "कुठे गेला तो?"

भद्रिक गुडघ्यांवर बसला. "थोडा वनाधिकाऱ्याने ठेवला, थोडा मी विकला. आणि महाराज, आपल्याला नवा सभामंडप लवकर हवा होता. त्याचे खांब याच सागाचे आहेत."

राजाचा चेहरा उतरला. राजाची चूक सोमिलांमुळे उघड झाली, आता त्यांचे मस्तक जाणार, असेच सर्वांना वाटले.

तरी सोमिल म्हणाले, "महाराज, मंडपात वर्षातून चार सभा होतात. खाणीत ही माणसे रोज उतरतात."

राजाने रेवाकडे पाहिले. मग त्याने मंडप उतरवायला सांगितले. पहिला खांब खाणीकडे निघाला, तेव्हा त्याला एक खांदा राजाचा होता.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रिक तो देवदत्त, राजा उदयसेन तो आनंद, रेवा ती उत्पलवर्णा, आणि पारखी सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्य न सोडण्याचे व्रत, पाळली."