समोरची जागा

एका गावच्या दवाखान्यात, रोग्यांच्या बाकासमोर, काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात दोन एंजल मासे राहत असत. दोघे सख्खे भाऊ. थोरला शांत होता आणि धाकटा तापट. मुलांनो, एंजल मासा तुम्ही पाहिला नसेल तर पतंग आठवा. तसाच चपटा, उभा आणि लांब शेपट्यांचा. त्याच टाकीत ताटलीसारखा गोल असा एक डिस्कस मासा होता. त्याच्या अंगावर निळ्या रेघा होत्या आणि तो इतका संथ फिरे की दवाखान्यात औषधं देणाऱ्या प्रमिलाबाई त्याला ‘शेटजी’ म्हणत. शेजाराला लहानग्या टेट्रा माशांचा घोळका होता आणि दिवसभर काच चाटत फिरणारा एक सकर मासा होता.

टाकी प्रमिलाबाईच सांभाळत. सकाळी आल्या की पिशवी खुंटीला लावायच्या आधी त्या डिस्कसकडे बघत. कुणी रोगी विचारायचा, “बाई, आधी माशाची तपासणी का?” त्या म्हणत, “पाणी डोळ्यांना नेहमी स्वच्छच दिसतं हो. पण बिघडलं की पहिले हे शेटजी काळवंडतात. यांचा रंग उजळ, म्हणजे सगळ्यांचं बरं.” मग त्या पाण्यात लाल अळ्या सोडत. धाकटा झेप घेऊन वरच्या वर चार-पाच अळ्या मटकावी. डिस्कस वर पोहोचेपर्यंत काही उरत नसे. म्हणून थोरला तोंडभर अळ्या घेऊन खाली येई आणि डिस्कससमोर वाळूवर सोडी. डिस्कस वाळूवर हळूच फुंकर मारून एकेक अळी उचली. तोवर थोरला शेजारी राखण करत थांबे.

धाकट्याला हे मुळीच आवडत नसे. “दादा, त्या ढिम्माला भूक असेल तर येईल की वर,” तो म्हणे.

“काका म्हण त्याला,” थोरला म्हणे. “आणि काचेजवळची ती जागा त्याचीच. तिथं त्याच्या आड येऊ नकोस.”

“का?”

“सांगेन कधीतरी. आत्ता नुसतं ऐक.”

पण सांगायचे राहून गेले. थोरला दिवसेंदिवस बारीक होत गेला, आणि एका गुरुवारी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला दिसला. प्रमिलाबाईंनी त्याला जाळीत उचलले आणि दवाखान्यामागच्या कण्हेरीखाली पुरले. टाकीत धाकटा एकटा गोल गोल फिरत राहिला. अळ्या आल्या, पण तो वर गेला नाही. फिरता फिरता त्याची नजर काचेजवळ उभ्या असलेल्या डिस्कसवर गेली.

“तुला भरवता भरवता माझा दादा खंगला,” तो म्हणाला आणि सरळ त्याच्या अंगावर धावून गेला. डिस्कसच्या परावर त्याने चावा घेतला आणि त्याला टाकीतल्या मागच्या लाकडाच्या ओंडक्याआड हाकलले. त्यानंतर दोनदा डिस्कस बाहेर येऊ लागला. दोन्ही वेळा धाकट्याने त्याला परत पिटाळले.

“धाकटोबा, रागाला जरा आवर घाला,” सकर काच चाटता चाटता म्हणाला.

“तू तुझी काच चाट.”

“चाटतोच आहे. दुसरं काय येतं मला.”

शुक्रवारी प्रमिलाबाईंनी टाकीत डोकावून पाहिले. “आज शेटजी दिसत नाहीत. सोबती गेला, रुसून बसले असतील,” त्या म्हणाल्या आणि रोग्यांच्या रांगेकडे वळल्या. शनिवारीही तसेच झाले. इकडे पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज गाळाने भरून गेला होता. बुडबुडे येत होते, पाणी काचेसारखे नितळ दिसत होते, पण ते आतून विषारी होत चालले होते. रविवारी दवाखाना बंद राहिला. सोमवारी उजाडताना टेट्रांचा घोळका पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडांची उघडझाप करू लागला. धाकट्याच्या कल्ल्यांची आग होऊ लागली.

“झालं काय आपल्याला?” तो म्हणाला.

“पाणी बिघडलंय,” सकर म्हणाला. या वेळी तो काच चाटत नव्हता. “बाईंना कळायचं ते शेटजींच्या रंगावरून. शेटजींना तर तुम्ही ओंडक्यामागे कोंडलंय.”

धाकटा गपकन थांबला. थोरला काचेजवळची जागा का राखत होता, ते त्याला तेव्हा कळले. तो ओंडक्यामागे गेला. अंधारात डिस्कस कोळशासारखा काळा पडून एका बाजूला कलला होता.

“चल, समोर चल,” धाकटा म्हणाला.

डिस्कस आणखी मागे सरकला. “मी येतच होतो. हेच दाखवायला येत होतो. तू चावलास.”

“आता नाही चावणार.”

“तेव्हा तरी कुठं ठरवून चावला होतास, बाळा.”

बाहेर कुलूप उघडल्याचा आवाज झाला. धाकटा डिस्कसच्या खाली शिरला आणि आपल्या पाठीने त्याला वर उचलू लागला. “काका,” तो म्हणाला, “माझ्या अंगावर रेला, पण चला.”

दोघे रखडत, थांबत काचेपाशी आले. प्रमिलाबाईंनी पिशवी खुंटीकडे नेली, डिस्कसकडे पाहिले आणि पिशवी तिथेच जमिनीवर टाकली. “अगं बाई, शेटजी पार काळे पडले.” आलेल्या रोग्यांना त्यांनी थांबायला सांगितले, पाणी काढले, साठवून ठेवलेले पाणी कोमट करून भरले, स्पंज धुतला. दुपारपर्यंत टेट्रा खाली उतरले. संध्याकाळी डिस्कसच्या निळ्या रेघा पुन्हा दिसू लागल्या.

“काका,” धाकटा खाली मान घालून म्हणाला, “मी तुम्हाला इतकं छळलं. तरी तुम्ही बाहेर का येत होतात?”

“तुझ्या दादाचं खूप खाल्लंय मी. आणि एक सांगू? माझ्यामुळे तो नाही खंगला. त्याला पोटाचा आजार होता, शेवटी शेवटी गिळवतच नव्हतं. तरी वर जाऊन तोंडभर आणायचा. त्यातली पहिली अळी तुझ्या वाटेवर सोडायचा. तुला वाटायचं, वाहत आली.”

आपल्याला रोज एक अळी आयती मिळायची, हे धाकट्याला आठवले. आपण तेव्हा कुणाचे आभार मानले नव्हते, हेही आठवले.

दुसऱ्या दिवशी अळ्या पडल्या. धाकट्याने सवयीने झेप घेतली, तोंड भरून घेतले आणि तसाच खाली आला. डिस्कससमोर वाळूवर त्याने सगळ्या अळ्या सोडल्या. डिस्कस फुंकर मारत, एकेक करून, फार वेळ लावून खात राहिला. धाकटा शेजारी राखण करत थांबला, थोरला थांबायचा अगदी त्याच जागी.

तात्पर्य : आपल्यावर उपकार करणारा निघून गेला, तर त्याने ज्यांना जपले त्यांना जपावे. उपकार फेडण्याची तेवढीच वाट उरते.