एक फांदी वर

माघ शुद्ध पंचमी, सकाळी धुकं, दिवसभर कोरडी थंडी. फार वर्षांपूर्वीचा तो दिवस. वानरांच्या टोळीतली म्हातारी भुरकी आजारातून उठली होती, पण जागची हलत नव्हती. नातवंडं पाला तिच्या तोंडाशी नेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की टोळी उडी मारून घळ ओलांडे. जिला उडी जमणार नाही, ती मागे राही.

“आजपासून पाला आईच्या हाताच्या टप्प्याबाहेर, एक फांदी वर ठेवा,” तिची लेक चांदी म्हणाली.

“उपाशी मारतेस का गं, भवाने?”

“हात धरते. चढ!”

भुरकी शिव्या देत रोज चढू लागली.

चैत्रात टोळी निघाली. “सरका रे, माझी आई येतेय!” चांदी ताठ मानेने ओरडली.

भुरकीने उडी मारली आणि पलीकडची फांदी दोन्ही हातांनी पकडली.